नोंदवहीही भरायची, अ‍ॅपही भरायचे

ऑगस्ट २०२१मध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फोनची रॅम २ जीबी. त्यावर केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे त्याच वर्षी मार्चमध्ये आलेले अ‍ॅप धड चालेना. फोन तापत, मध्येच अडकत आणि बिघडले की दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी येई. शिवाय अ‍ॅप इंग्रजीत होते.

अशा वेळी ‘कर्मचाऱ्यांना बदल नको असतो’ असे निदान पटकन केले जाते. इथे ते लागू पडत नाही. याच सेविका आधीचे ‘कॅस’ अ‍ॅप वापरत होत्या, त्यावर रोजच्या नोंदी करत होत्या. त्यांची मागणीही फोन नको अशी नव्हती. चालणारा फोन द्या आणि अ‍ॅप मराठीत द्या, इतकीच होती. पुढे मराठीची सोय झाली, पण एवढ्या साध्या गोष्टीसाठी मानधनावर काम करणाऱ्या बायकांना रस्त्यावर यावे लागले.

नवी प्रणाली आणणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, सरकारी असो वा खासगी, या प्रसंगाकडे नीट पाहायला हवे. कर्मचारी प्रणाली का स्वीकारत नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या मनोवृत्तीत नसते. ते त्यांच्या कामाच्या दिवसात असते. अंगणवाडीत पूर्वी ११ नोंदवह्या होत्या. त्यातल्या १० ‘कॅस’मध्ये सामावल्या जातील, असे ठरले होते. हे वचन पूर्ण पाळले गेले असते तर दुसऱ्या कसल्या प्रोत्साहनाची फारशी गरजच पडली नसती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तपासणीला येणारा अधिकारी वहीच मागतो. मग सेविका मुलाचे वजन आधी वहीत लिहिते, मग फोनवर भरते. पोषण अभियानात अ‍ॅपच्या वापरासाठी सेविकांना दरमहा ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरला. भत्ता हवाच, पण दुप्पट झालेले काम त्याने निम्मे होत नाही.

‘पोषण ट्रॅकर’मध्ये सेविकेला हवेसे वाटावे असे काही नाही, असेही नाही. वजन आणि उंची भरली की मूल खुजे आहे का, तीव्र कुपोषित आहे का, हे तिथल्या तिथे कळते. तक्ता शोधत बसावे लागत नाही. समोर बसलेल्या आईला त्याच क्षणी सांगता येते, की बाळाचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे, उद्या आरोग्य केंद्रात जाऊ. नोंद करणाऱ्या हाताला नोंदीचा असा उपयोग झाला, की प्रणाली अंगवळणी पडते. प्रशिक्षणाचा भर इथे हवा. आढावा बैठकीत मात्र प्रश्न येतो तो किती टक्के नोंदी झाल्या हा. ज्याची विचारणा होते तेच भरले जाते. टक्केवारीसाठी नोंद होऊ लागली, की वजनकाटा न काढताही आकडा भरण्याचा मोह होणार.

१ जुलै २०२५पासून घरपोच आहार देण्यासाठी लाभार्थीचा चेहरा पडताळणे सक्तीचे झाले. आहार खऱ्या लाभार्थीलाच मिळावा हा हेतू रास्त आहे. पण मेळघाटात किंवा धडगावच्या पाड्यांवर रेंज नसते, आधारला जोडलेला फोन नंबर बदललेला असतो, फोन घेऊन नवरा कामावर गेलेला असतो. आधार पडताळणीचा ओटीपी आला नाही म्हणून गर्भवतीला पाकीट नाकारायचे, तर तिच्या रागाला तोंड देते ती त्याच गावात राहणारी सेविका.

बँकांचा अनुभव वेगळा होता. संगणकाला तिथेही तीव्र विरोध झाला. पण १९८३मध्ये आणि पुढे १९८७ व १९९३मध्ये व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटनांनी समोरासमोर बसून करार केले. कुठे आणि किती यंत्रे येतील आणि ती चालवणाऱ्यांना कोणता भत्ता मिळेल, हे लिहून ठरवले. त्यात वेळ गेला, हे खरे. मात्र यंत्रासोबत आपले काय होणार, याचे उत्तर कर्मचाऱ्याच्या हाती कागदावर होते. अंगणवाडी सेविकांशी असे कोणी बसून बोलले असते, तर इंग्रजी पडदा आणि २ जीबीचा फोन पहिल्या बैठकीतच बाद झाला असता.

आताही वेळ गेलेली नाही. महिला व बालविकास विभागाने कोणत्या नोंदवह्या बंद झाल्या याचा स्पष्ट लेखी आदेश काढावा आणि तो सेविकांइतकाच तपासणी करणाऱ्या पर्यवेक्षिका व प्रकल्प अधिकाऱ्यांनाही बंधनकारक करावा. रेंज नसेल किंवा चेहरा जुळला नाही, तर सेविकेच्या सहीवर आहार देण्याची मुभा त्याच आदेशात असावी.