माकड मेलं, तर सांगायचं कुणाला?

गोचिडाला आपल्या भाषेत कधी मान मिळालेला नाही. जाता जात नाही अशा पाहुण्याला आपण "गोचिडासारखा चिकटलाय" म्हणतो, आणि सावकाराला तर हीच उपमा ठरलेली! गुरांच्या कानामागे, कुत्र्याच्या मानेवर दिसला की ओढून काढायचा, दगडाने ठेचायचा आणि विसरून जायचं. पण कोळ्याच्या कुळातल्या या आठ पायांच्या जिवाने माणसाला किती आजार दिले आहेत, याचं वाचन गेले काही महिने करतो आहे. ते वाचताना एक गोष्ट मनात पक्की बसली, तीच आज मांडतो. या आजारांची पहिली खबर प्रयोगशाळेला नसते, ती तिथे राहणाऱ्या माणसाला असते. त्याचं ऐकलं गेलं तर संशोधन पुढे जातं. नाही ऐकलं तर माणसं मरतात.

आधी अमेरिकेतली गोष्ट सांगतो. कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे पॉली मरे नावाच्या गृहिणीच्या घरात नवरा, मुलं, ती स्वतः, सगळेच वर्षानुवर्षं आजारी. सांधे सुजायचे, अंगावर चट्टे उठायचे, ताप यायचा. डॉक्टरांना काही सापडेना, तेव्हा बाईंच्याच डोक्यात काहीतरी आहे असा सूर लागला. बाई मात्र खमकी. कुणाला काय झालं, कधी झालं, याच्या ती नोंदी ठेवत गेली. आपल्यासारखीच इतर घरं आहेत हे तिच्या लक्षात आलं आणि १९७५ च्या ऑक्टोबरात तिने राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्याच सुमारास गावाजवळच्या आणखी एका आईनेही तशीच तक्रार केली होती. येल विद्यापीठाच्या डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास सुरू केला. लाइम आणि शेजारच्या दोन गावांत मिळून ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं अशाच सांधेदुखीने आजारी असल्याचं आढळलं. १९७७ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि गावाचं नाव आजाराला कायमचं चिकटलं. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडाच्या पोटात मळसूत्रासारखा जिवाणू सापडला. हा आजार अंगावर उठणाऱ्या चट्ट्याच्या रूपाने युरोपात फार पूर्वीपासून माहीत होता, पण सगळे धागे जुळले ते त्या बाईच्या वहीमुळे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजाप्रमाणे २०१० ते २०१८ या काळात तिथे दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइमचे उपचार झाले.

आता आपल्याकडे या. १९५७ साल. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याचं विषाणू संशोधन केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. माकडं आणि माणसं एकदम आजारी म्हटल्यावर पहिली शंका आली ती पीतज्वराची. जो रोग भारतात कधीच आला नव्हता तो आला की काय, या धास्तीने शास्त्रज्ञ जंगलात उतरले. मेलेल्या माकडांतून त्यांनी विषाणू वेगळा केला. तो निघाला वेगळाच, रशियातल्या गोचिडांच्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद! मग तो सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनी आणला का, असाही प्रश्न निघाला आणि त्यातून सलीम अलींच्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली. जंगलाच्या नावावरून रोगाचं नाव पडलं क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. कन्नड लोक त्याला 'मंगन कायिले' म्हणतात, आणि आपण म्हणतो माकडताप.

त्या काळात, अपुऱ्या साधनांनिशी आपल्या माणसांनी आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी केलेलं हे काम जगाने मानावं असं होतं. लाइमच्या तपासाच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचं! अमेरिकेत खबर दिली ती एका आईने. आपल्याकडे ती दिली माकडांनी. पण मेलेलं माकड काही स्वतः दवाखान्यात जात नाही. जंगलात ते कुणाला तरी दिसावं लागतं आणि त्याने येऊन सांगावं लागतं.

माकडाला एवढं महत्त्व का, तेही सांगतो. हा विषाणू उंदीर-घुशींसारख्या लहान प्राण्यांत आणि गोचिडांत फिरत असतो. वानरांना आणि लाल तोंडाच्या माकडांना मात्र तो सोसत नाही. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड गार पडू लागलेलं शरीर सोडून खाली उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. गोचिडाची पिल्लं असतात खसखशीच्या दाण्याएवढी, सहज दिसतसुद्धा नाहीत. म्हणून मेलेलं माकड ही शाळेतल्या घंटेसारखी सूचना आहे. ती ऐकून त्या जागेवर औषध मारलं, गावाला सावध केलं, तर पुढचे रुग्ण टळू शकतात.

बरीच वर्षं हा आजार शिमोगा आणि त्याच्या आसपासचा मानला गेला. मग २०१२ मध्ये तो बंदीपूरच्या जंगलात दिसला, त्यानंतर केरळात वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात. एकाएकी थंडी वाजून ताप येतो, डोकं फुटेल असं दुखतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात, काहींच्या नाकातून-हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग तो उलटतो, या खेपेस मेंदूवर. खास असं औषध नाही. वेळेवर इस्पितळात सांभाळलं तर बहुतेक लोक बरे होतात, पण शंभरातले तीन ते पाच दगावतात. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला किंवा त्याच्या घराला वाळीत टाकण्याचं काही कारण नाही.

आता मुद्द्याचं. या रोगाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. आणि काजूचा हंगाम? फेब्रुवारी ते मे! काजू झाडावरून काढण्यापेक्षा खाली पडलेले बोंडू वेचायचे असतात, तेही सुकलेल्या पातेऱ्यात हात घालून. भाजावळीसाठी पातेरा आणायचा तोही याच दिवसांत. अशा माणसाला "जंगलात जाऊ नका" असं सांगणं म्हणजे "या वर्षी कमावू नका" असं सांगणं आहे. पत्रकावर ते छापायला सोपं असतं. चार महिन्यांच्या बोंडूवर वर्षाचं मीठ-मिरची, मुलांच्या वह्या-पुस्तकं चालवणारी बाई ते पत्रक वाचते, घडी करते आणि टोपली घेऊन निघते. तिला अडाणी म्हणण्याचा हक्क कुणालाही नाही.

यात आणखी एक पेच आहे. तिला बागेत मेलेलं माकड दिसलं आणि तिने ते कळवलं, तर ती जागा बंद होणार. बी जमिनीवर कुजणार. म्हणजे सगळ्या गावाला वाचवणारी खबर देऊन नुकसान होणार ते तिचंच! मग ती गप्प बसली तर दोष कुणाचा? मला वाटतं, जागरूकतेची सगळी भाषणं इथे येऊन अडतात. माकड मेल्याची खबर देणाऱ्याचे बुडालेले दिवस सरकारने भरून द्यावेत, आणि तो नियम हंगामाआधी गावाला माहीत असावा. माणूस आजारी पडल्यावरचा खर्च पाहिला तर हा खर्च काहीच नाही.

लशीचंही थोडं सांगायला हवं. माकडतापाची एक लस होती. १९९० पासून कर्नाटकात ती वापरात होती. एका डोसाचा उपयोग नव्हता, दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि बूस्टरसह सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळत होतं, असं २००५ ते २०१० च्या तिथल्या आकडेवारीवरून दिसलं. पुन्हा पुन्हा टोचून घ्यायची, दंड दुखायचा, लोक कंटाळायचे. पुढे तिची ताकद कमी भरू लागली आणि २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. आता भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स नव्या लशीवर काम करत आहेत. चांगलं आहे. पण रोग १९५७ मध्ये कळला, हे लक्षात घ्या. हा रोग शहरातल्या बंगल्यांत शिरला असता तर इतकी वर्षं लागली असती का? अर्थात नुसत्या पैशानेही सगळं होत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये लाइमची लस आली होती. लोकांच्या मनात तिच्याबद्दल शंका शिरल्या, मागणी घटली आणि २००२ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. लस बनवणं एक आणि लोकांचा विश्वास मिळवणं दुसरं.

तोवर हातात काय आहे? पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली विजार, आपल्याच संरक्षण संशोधकांनी शोधलेलं आणि कर्नाटकात वाटलं जाणारं डेपा तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे धुणं. गोचीड चावलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल ओतायचं नाही, काडीने चटका द्यायचा नाही, आणि नखाने चिरडायचा तर मुळीच नाही. २०११ मध्ये गुजरातेत साणंदजवळ काँगो ताप निघाला, तोही गोचिडांचाच. त्यात रुग्ण बाईबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स यांचाही मृत्यू झाला होता.

आपल्यापैकी ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्सकडे आहेत आणि जे उन्हाळ्यात सहा महिने तिकडे जातात, त्यांनीही हे लक्षात ठेवा. परसातल्या उंच गवतातून, झाडीतून फिरून आलात की अंग तपासा, विशेषतः गुडघ्यामागे, काखेत, केसांत. लाइमचा चट्टा गोऱ्या कातडीवर उठून दिसतो, आपल्या सावळ्या रंगावर तो सहज नजरेतून सुटतो. शंका आली तर डॉक्टरांना "गोचीड चावला असेल" हे आपणहून सांगा. लवकर कळलं तर साध्या प्रतिजैविकांनी तो बरा होतो.

आयुष्यभर मास्तरकी केल्यामुळे मला उपाय शाळेतच दिसतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात डोंगरातून चालत शाळेत येणारी मुलं गावातल्या कुणाहीपेक्षा जास्त पाहतात. त्यांना दर डिसेंबरात एकच धडा द्यावा: माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, गुरुजींना किंवा आशाताईंना सांगायचं. गुरुजींनी कुणाला फोन करायचा, तो नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असावा. आणि त्या नंबरावर फोन उचलणारं माणूस असावं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. पॉली मरेचा फोन कुणी उचललाच नसता, तर तिची वही कपाटातच राहिली असती.

दोडामार्ग, सावंतवाडी, सत्तरीकडचे जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी आपल्या गावात असा नंबर लोकांना ठाऊक आहे का, हे एकदा विचारून पाहावं. काय उत्तर मिळालं ते मलाही जरूर कळवा.