सत्कारात बॅट मागा

खेळाडूंच्या सत्कारांवर मी या सदरात पूर्वीही चिडून लिहिलं आहे. या आठवड्यात पुन्हा तेच. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांचे फोटो झाले. जिच्यासाठी हे सगळं, त्या शाळकरी मुलीची बॅट मात्र स्टेजमागे भिंतीला टेकलेली. ग्रिप सुटत आलेली, कडेला टेप, मधोमध चेंडूचे लाल डाग. तिच्या मोसमाची सगळी हकिगत त्या लाकडावर होती आणि तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

सांगलीला तरी बॅटीची किंमत सांगावी लागू नये. इथेच वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाच्या भावाने, श्रवणने, राहुल द्रविडकडे बॅट मागितली. द्रविडने किटमधली काढून सही करून दिली. खरं तर ती घरात जपून ठेवायची. पण स्मृतीने हातात घेतली, तिचा तोल आवडला आणि ती त्याच बॅटने खेळू लागली. २०१३ साली बडोद्यात, १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात, गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या, त्या याच बॅटने.

तिने अगदी योग्य केलं. सही केलेल्या कोऱ्या बॅटचं मला फारसं कौतुक नाही. घाव सोसलेली बॅट बोलते. अमेरिकेत लुईव्हिलच्या संग्रहालयात बेब रूथची १९२७ सालची बेसबॉलची बॅट आहे. होमरन मारला की तो बॅटवरच्या छापाभोवती एक खाच पाडायचा. अशा २१ खाचा तिच्यावर आहेत. लोक बघायला जातात ते त्या खाचा.

आपल्याकडे कोण बघायला येणार, असं म्हणू नका. २०२४ साली लंडनहून वाघनखं आली तेव्हा साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांनी गर्दी केलीच ना? माणसं येतात, वस्तू हवी.

त्याच सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावात कुस्ती अकादमी व्हावी म्हणून २०१७ साली तेच पदक लिलावात काढण्याची भाषा त्यांच्या कुटुंबाला करावी लागली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. देशाने डोक्यावर घ्यायची वस्तू, आणि घरच्यांना तिचा भाव विचारावा लागतो!

विजय हजारे सांगलीत जन्मले. १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं, ११६ आणि १४५. भारताचे पहिले अर्जुन पुरस्कारविजेते बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर, तेही सांगलीचेच. अशा गावात खेळाच्या वस्तूंचं एक दालन हवंच. तोवर नगर वाचनालयात काचेचं एक कपाट चालेल. पुढच्या सत्कारात शाल देऊन झाली की बॅट मागून घ्या, नाव, मैदान, तारीख, धावा लिहून चिठ्ठी लावा. कपाटाची वर्गणी माझ्यापासून सुरू करा.