विश्लेषण : घरांच्या दलालाला नोंदणी सक्तीची, मग खेळाडूच्या एजंटाला का नाही?

नांदेड किंवा लातूरमध्ये महारेरा नोंदणीकृत प्रकल्पातील फ्लॅट विकून देणाऱ्या दलालाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आवश्यक झाली. मात्र याच शहरांतील सतरा वर्षांच्या खेळाडूच्या कमाईत वाटा घेणाऱ्या एजंटाला राज्य सरकारकडे कोणतीही नोंदणी करावी लागत नाही.

हा प्रश्न आता का?

लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखे मल्ल दिले. त्या काळी पैलवानाचा सल्लागार म्हणजे त्याचा वस्ताद. आयपीएल (२००८), प्रो कबड्डी (२०१४) आणि अल्टिमेट खो-खो (२०२२) यांनी हे चित्र बदलले. शेजारच्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरला २०२२ च्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने दीड कोटी रुपयांना घेतले. २०२४ च्या लिलावात बिहारच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाख रुपये मिळाले, तेव्हा तो १३ वर्षांचा होता. म्हणजे सज्ञान होण्याआधीच खेळाडूपर्यंत पैसा आणि करार पोहोचत आहेत.

सध्याचा कायदा काय सांगतो?

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही. असा करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे सही पालकांची घेतली जाते. मागणी केल्यावर एजंटाने पैशाचा हिशेब दिला पाहिजे, असेही हा कायदा सांगतो. पण एजंटाने टाळाटाळ केली, तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. खटला वर्षानुवर्षे चालतो, खेळाडूची उमेदीची वर्षे मात्र मोजकीच असतात. संसदेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याचा भर क्रीडा संघटनांच्या कारभारावर आहे.

इतरत्र काय केले?

अमेरिकेत २००० मध्ये एक आदर्श कायदा तयार झाला आणि ४० हून अधिक राज्यांनी तो स्वीकारला. त्यात एजंटाने राज्याकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. विद्यार्थी खेळाडूला सही केल्यापासून १४ दिवसांत करार रद्द करता येतो. फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने २०१५ मध्ये एजंटांचा परवाना बंद केला होता. २०२३ मध्ये परीक्षेसह तो पुन्हा आणावा लागला.

महाराष्ट्र काय करू शकतो?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘क्रीडा’ हा राज्यसूचीतील विषय आहे, त्यामुळे विधिमंडळ कायदा करू शकते. नोंदणीसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आहेच. एजंटांची सार्वजनिक यादी, मोबदल्याची लेखी टक्केवारी, कराराची मराठी प्रत आणि तो रद्द करण्याची मुदत, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

यात धोकाही आहे. स्वतःच्या खर्चाने मुलांना निवड चाचणीला नेणारा क्रीडाशिक्षक किंवा वस्ताद या नियमांत अडकता कामा नये. म्हणून कायदा फक्त मोबदला घेणाऱ्यांना लागू हवा. शुल्क भरमसाट ठेवले, तर पुण्या-मुंबईच्या कंपन्याच नोंदणी करतील आणि गावोगावचे एजंट पूर्वीसारखेच बिनकागदी राहतील.

नोंदणी केल्याने कोणी प्रामाणिक होत नाही. पण तक्रार कोणाविरुद्ध आणि कुठे करायची, हे नांदेड-लातूरच्या पालकांना कळेल. तोपर्यंत टक्केवारी आणि मुदत वाचल्याशिवाय सही न करणे, एवढेच त्यांच्या हाती आहे.