मय्यतीला गाडी आहे, डायलिसिसला नाही

वसई-विरारमध्ये आपल्या एखाद्या घरात मय्यत झाली की फार धावाधाव करावी लागत नाही. मशिदीतून एलान होतो, गुस्ल देणारे येतात, कफनाची सोय होते, बऱ्याच ठिकाणी जनाज्याची गाडीही जमातीचीच असते. ज्यांनी मरणाऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं, ते दुकान बंद करून खांदा द्यायला येतात. ही आपल्या समाजाची मोठी कमाई आहे.

पण तोच माणूस आधी दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता, तेव्हा त्याला कोण नेत होतं?

मुसलमानाचे दुसऱ्या मुसलमानावर जे हक्क हदीसमध्ये सांगितले आहेत, त्यांत जनाज्याबरोबर जाणं आहे आणि आजाऱ्याची विचारपूस करणंही आहे. दोन्ही एकाच यादीत. त्यातल्या एकासाठी आपण गाडी घेतली, चालक ठेवला, वर्गणी काढली. दुसऱ्यासाठी फोनवर ‘दुआ करतो’ म्हणून मोकळे झालो.

हिशेब करून पाहा. डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक वेळी चारेक तास. म्हणजे आठवड्याला सहा फेऱ्या, वर्षाला तीनशेहून जास्त. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसतं. उपचाराची सोय अशी कशीबशी लागते. रोजच्या रिक्षाचा हिशेब मात्र घरच्यांनाच जुळवावा लागतो. शेअर रिक्षा नाक्यावर सोडते, चाळीच्या दारात येत नाही. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला, पाय लटपटत असलेले, अशा माणसाने पूर्वेकडून पश्चिमेला कसं जायचं? नालासोपाऱ्यात पाणी भरलं तर? मुंबईच्या रुग्णालयात जायचं असेल तर सकाळची विरार लोकल आहेच, आणि तिथे धडधाकट माणसाचीही दमछाक होते. शिवाय सोबत जाणाऱ्या मुलाचा त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच.

संकटात धावून जायला आपल्याला कुणी शिकवायला नको. कोविडच्या काळात मालवणीच्या शाहनवाज शेख यांनी स्वतःची गाडी विकून लोकांना ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवले. नागपूरच्या प्यारे खान यांनी ऑक्सिजनचे टँकर आणवले. त्यांची बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण दर मंगळवारी सकाळी सात वाजता एका म्हाताऱ्याला दवाखान्यात सोडणाऱ्याची बातमी होत नाही. कदाचित म्हणूनच ते काम कुणी अंगावर घेत नाही.

सहीह मुस्लिममध्ये अबू सईद खुदरी यांची एक हदीस आहे. प्रवासात एक माणूस आला आणि उजवी-डावीकडे पाहू लागला. त्याने काही मागितलं नाही. पैगंबरांनी ती नजर ओळखली आणि सांगितलं, की ज्याच्याकडे जास्तीचं वाहन असेल त्याने ते वाहन नसलेल्याला द्यावं. आज ते जास्तीचं वाहन म्हणजे आपल्या सोसायटीच्या आवारात दिवसभर उभी असलेली चारचाकी. जुम्मा आणि लग्नं सोडली तर ती हलत नाही.

शंका निघतील, आणि त्या रास्त आहेत. पहिली कायद्याची. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि भाडं घेतलं तर विम्याचाही प्रश्न येतो. म्हणून रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. पेट्रोलचा खर्च झेपत नसेल त्या चालकाला जमातीने लिल्लाहच्या पैशातून द्यावा. जकातीला हात लावू नये, तिचे हकदार ठरलेले आहेत. दुसरी शंका, वाटेत काही झालं तर? छातीत दुखतंय, श्वास लागलाय, अशा वेळी ही गाडी नव्हे, १०८ बोलवायची. आपलं काम ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी नेण्या-आणण्याचं. रुग्णासोबत घरचं माणूस असावं. बाई रुग्ण असेल तर नक्कीच. आपल्याकडच्या कितीतरी मुली आता गाडी चालवतात, त्यांनाही विचारावं.

आणि हे फक्त आपल्या माणसांपुरतं ठेवू नये. शेजारच्या खोलीतल्या मावशी मुसलमान नाहीत म्हणून त्यांची किडनी वेगळी चालत नाही. त्या हदीसमध्येही आलेला माणूस कोण, कुठला, हे कुणी विचारलेलं दिसत नाही.

मोठी संस्था, नोंदणी, उद्घाटन, बॅनर यांपैकी काहीच नको. एका रुग्णाच्या आठवड्याला सहा फेऱ्या. सहा माणसांनी आठवड्यातून एकेक फेरी घेतली की एक घर सावरतं. कुणाला अडचण आली तर बदली माणूस कोण, हे आधी ठरलेलं हवं. कारण डायलिसिस ‘आज जमलं नाही’ म्हणून टाळता येत नाही. नियमितपणा नसेल तर अशी सेवा सुरू न केलेलीच बरी.

जनाज्याच्या नमाजला आपण फर्ज-ए-किफाया म्हणतो. काहींनी पार पाडली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच नाही पाडली तर सगळे गुन्हेगार. जिवंत आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याबद्दल फतवा देणारा मी कोण? पण वस्तीत दहा गाड्या उभ्या आणि एक माणूस रिक्षाच्या पैशांपायी डायलिसिस चुकवतो, तर जाब कुणाला विचारला जाईल, हे आपण आपल्याशीच ठरवावं.

मशिदीच्या फलकावर जनाज्याच्या गाडीचा नंबर असतो. त्याच्या वर आणखी एक नंबर लिहायला जागा आहे.