पाच मिनिटांचा व्हिडिओ आणि १७ सप्टेंबर

सप्टेंबर जवळ आला की मुलांच्या आणि पालकांच्याही मोबाइलवर हैदराबाद संस्थानाचे छोटे छोटे व्हिडिओ फिरू लागतात. नांदेड-लातूरकडच्या आम्हा इतिहास शिक्षकांना ते टाळता येत नाहीत, आणि टाळूही नयेत असं आमचं मत आहे. पुस्तकातला धडा वाचताना पेंगणारा मुलगाही पडद्यावर निजाम मीर उस्मान अली खान दिसले की मान वर करतो.

अडचण आहे ती लांबीची. पाच मिनिटांत बोलणाऱ्याला जेमतेम एक बाजू मांडता येते. रझाकारांचे अत्याचार सांगून व्हिडिओ संपला की वर्गातल्या दोन-चार मुस्लिम मुलांकडे नजरा वळतात. कासिम रझवी लातूरला वकिली करत होता, हे इथल्या मुलांनी ऐकलेलं असतं. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाह खान यांचं नाव मात्र फार थोड्यांच्या कानावर आलेलं असतं. रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने ते लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. पहिला व्हिडिओ संपताच आम्ही त्यांच्याविषयीचा दुसरा लावतो. नजरा आपोआप पुन्हा फळ्याकडे येतात.

उर्दू शाळांत नेमकं उलट घडतं. तिथली मुलं पोलीस ॲक्शननंतरच्या कत्तलींचे व्हिडिओ पाहून येतात. त्याआधी काय घडलं, ते त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. कत्तली खोट्या नाहीत. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर दौरा करून मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता आणि उस्मानाबादही. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. हिंदू शेजाऱ्यांनी मुस्लिमांना वाचवल्याच्या नोंदीही त्याच अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. एवढं सगळं पाच मिनिटांत कोण बसवणार?

म्हणून आमची रीत अशी. व्हिडिओ घरूनच उतरवून आणायचा, कारण शाळेत नेटवर्कचा भरवसा नाही. पहिल्यांदा आवाज बंद. यातलं कोणतं चित्र त्या काळातलं आणि कोणतं सिनेमातलं, हे मुलांनी ओळखायचं. (मुली यात फार तरबेज असतात, कपड्यांवरून पकडतात.) मग आवाज लावून मध्येमध्ये थांबायचं: बोलणारा कोण, त्याला हे कुठून कळलं, कुणाचं नाव आलं नाही? व्हिडिओ पाच मिनिटांचा, उरलेली तासिका बोलण्याची.

गृहपाठ एकच देतो. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या त्या दिवसांना घरात काय म्हणतात? कुणी 'मुक्तिसंग्राम' लिहून आणतं, कुणी 'पोलीस ॲक्शन', एखाद्याचे नाना 'सुकूते हैदराबाद' म्हणतात. तिन्ही नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की अर्धा धडा तिथेच होतो.

पालकांना एक विनंती. मुलांनी हे विचारलं तर "तुला काय करायचंय" म्हणून गप्प करू नका. तेव्हा दहा वर्षांचे असलेले बुजुर्ग आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. नानी-दादी दखनीत सांगतील तसं सांगू द्या, मुलांना मोबाइलवर नोंदवू द्या. त्या मात्र दमल्या, रडल्या तर तिथेच थांबा, आणि ती नोंद कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.