कुसळे, कुसाले आणि पय्योळी

प्रति,
पी. टी. उषा,
अध्यक्ष, भारतीय ऑलिम्पिक संघटना

आदरणीय उषाताई,

'ताई' परस्पर लावून टाकलं, राग मानू नका. नुसतं 'उषा' लिहायला हात धजत नाही. तुमच्याकडे 'चेची' म्हणतात, तसंच हे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. हिंदी बातम्यांत मात्र तो 'कुसाले' झाला होता. देवनागरीतून निघालेलं नाव रोमन लिपीमार्गे वळसा घेऊन पुन्हा देवनागरीत परतलं, तेव्हा वाटेत ळ गळाला होता आणि एक काना चिकटला होता. हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ नाही, हे मान्य. पण हा काना कुठून आला? आष्टी तालुक्यातला स्टीपलचेसचा धावपटू अविनाश साबळे असाच 'साबले' होतो.

ळची ही गोष्ट तुम्हाला वेगळी सांगायला नको. तुमच्या भाषेच्या नावातच तो आहे. मलयाळमचंही बाहेर 'मलयालम' होतंच. आणि धावपटू म्हणून तुमचं टोपणनाव 'पय्योळी एक्सप्रेस'. आम्ही मराठी क्रीडापानांवर वर्षानुवर्षं 'पय्योली' छापत आलो. आमच्या लिपीत ळ होता, छापखान्यात ळचा खिळाही होता, तरीही. म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नाही. (कुसळे, माफ करा.)

मुसळं आणखीही आहेत. वेटलिफ्टर सैखोम मीराबाई चानू हिला आम्ही बेधडक 'चानू' म्हणतो, 'चानूला रौप्य' असे मथळे देतो. तिचं कुळाचं नाव सैखोम, आणि ते आधी येतं. चानू हे मणिपुरी मुलींच्या नावानंतर लागणारं उपपद आहे, आडनाव नव्हे. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत ४८ किलो गटात सुवर्ण संजिता चानूनं घेतलं आणि रौप्य मीराबाई चानूनं. एक खुमुकचम, दुसरी सैखोम. आमच्या मथळ्यांच्या हिशेबानं मात्र चानूनं चानूला हरवलं!

मूळ दुखणं खेळाडूंच्या अर्जातल्या दोन रकान्यांचं आहे: नाव आणि आडनाव. ज्याला आडनाव नाही त्याचा बाप तिथे आडनाव होतो, ज्याचं कुळ आधी येतं ते शेवटी ढकललं जातं. तुमचं 'पी. टी.' म्हणजे घराचं नाव. ते या रकान्यांत कसं बसवायचं, हे कोडं तुम्ही स्वतः सोडवलं असेलच. आणि आद्याक्षरांनी तर माणूसच पुसला जातो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव. दिल्लीत इंदिरा गांधी स्टेडियमच्या संकुलातल्या सभागृहाला त्यांचं नाव दिलंय, पण कसं? 'के. डी. जाधव'. कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीत वाढलेला पैलवान त्या 'के'मध्ये कुणाला सापडावा? खाशाबा हे नाव उच्चारलं की तालमीचा वास येतो, के. डी. म्हटलं की कचेरीतला हेडक्लार्क डोळ्यांसमोर येतो.

पासपोर्टवर जे असेल ते तिथे राहू दे, त्याला इलाज नाही. पण तुमच्या कार्यालयात खेळाडूचा अर्ज येतो, त्यात एक ओळ वाढवा: 'तुम्हाला लोकांनी काय म्हणावं?' उत्तर त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहून घ्या, आणि मोबाइलवर त्याच्याच आवाजात दोन सेकंदांचं नाव टिपून घ्या. ते समालोचकांना द्या, वर्तमानपत्रांना द्या. खर्च जवळजवळ शून्य. कुणी लग्नानंतर माहेरचंच नाव ठेवेल, कुणी घरचं लाडकं नाव सांगेल, कुणी आडनाव गाळा म्हणेल. तो निर्णय खेळाडूचा. संपादकाचा नाही, महासंघाचा नाही, आणि भाषेच्या शुद्धतेची काळजी वाहणाऱ्या माझ्यासारख्याचाही नाही. उद्या स्वप्नीलच म्हणाला, 'कुसाले चालेल', तर मी मुकाट्यानं कुसाले लिहीन.

ऑलिम्पिकच्या पुढच्या पथकापासून एवढं कराच. आणि 'पय्योळी' मी बरोबर लिहिलंय ना, तेही कळवा. चुकलं असेल तर पुढच्या वेळी दुरुस्त करून छापतो.

आपला,
मराठी क्रीडापानावर लिहिणारा एक जण