मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. होरा

ज्या घरांत मासा स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाहीं, तेथें मत्स्यशास्त्रज्ञाचें चरित्र कशाला, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्ञानाला सोंवळेंओंवळें नसतें, आणि डॉ. सुंदरलाल होरा यांचें चरित्र तर संस्कृताभिमानी मंडळींनीं अवश्य वाचावें असें आहे.

होरा यांचा जन्म पंजाबांतील हाफिजाबाद येथें १८९६ सालीं झाला. लाहोरास शिक्षण घेऊन १९१९ सालीं ते कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यांत दाखल झाले, आणि १९४७ पासून १९५५ सालीं निधन होईपर्यंत त्याचे प्रमुख होते. डोंगरी ओढ्यांच्या खळाळांत मासे वाहून कसे जात नाहींत, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न. कोणाचें अंग चपटें, कोणाचे पर पोटाखालीं पसरट, तर कोणाच्या हनुवटीमागें खडकाला चिकटणारी चकती. पाण्याचा वेग आणि देहाची ठेवण यांचा संबंध त्यांनीं असा दाखवून दिला.

हाच संबंध त्यांना सुश्रुतसंहितेंत आढळला. नदींतले मासे तोंड व शेपूट यांच्या बळावर चालतात म्हणून मध्यभागीं जड, आणि तळ्यांतल्यांचें डोकें विशेष हलकें, असें सुश्रुत अन्नपानाच्या अध्यायांत सांगतो. होरांनीं १९३५ सालीं त्यावर निबंध लिहिला. पुढें कौटिल्याचें अर्थशास्त्र, अशोकाचा स्तंभलेख व चालुक्यराजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'तील मत्स्यविनोद यांचाही त्यांनीं अभ्यास केला.

पूर्व हिमालयांतल्या माशांचे जातभाई आमच्या सह्याद्रींत कसे आले? एके काळीं विंध्य-सातपुड्याची रांग अधिक उंच व पाणथळ असून तिच्या ओढ्यांतून ते आले, असें होरांनीं १९४९ च्या सुमारास प्रतिपादिलें. पुढील भूशास्त्रीय व आनुवंशिक संशोधनानें या मतावर मोठ्या शंका घेतल्या आहेत. सारखा प्रवाह जर सारखे देह घडवितो, तर केवळ रूपसाम्यावरून सगोत्रता कशी मानावी? ही शंका काढण्याचें साधन होरांच्याच पहिल्या संशोधनांत होतें.

तरीही त्यांचें मोल कमी होत नाहीं. 'आमच्या ग्रंथांत सर्व आहे' असें म्हणून पोथी बांधून ठेवणारे पुष्कळ. ती उघडून हातांत जिवंत मासा घेऊन ताडून पाहणारा विरळा. घरांतील मुलांना सुश्रुताचा अभिमान जरूर शिकवावा. पण त्याबरोबर एखाद्या पावसाळ्यांत त्यांना ओढ्याकांठींही न्यावें, एवढीच आमची विनंती.